पाणीपातळी लॉगर: विहिरीला पसंत, वाळूच्या ओढ्याला नापसंत

निमशुष्क पाणलोटात वर्षाचा बराचसा पाऊस मोजक्या मोठ्या सरींत पडून जातो. ओढा काही तास वाहतो आणि पुन्हा वाळूत जिरतो. महिन्यातून एकदा विहिरीत टेप सोडून पातळी लिहिणाऱ्याच्या वहीत यातलं फारसं काही उतरत नाही. पातळी तीन मीटरनं वाढली एवढं कळतं, पण ती कोणत्या सरीनं वाढली, किती दिवसांत वाढली आणि मधल्या उपशानं किती खाल्ली हे कळत नाही. ही पोकळी भरायला दाबावर चालणारा पाणीपातळी लॉगर, म्हणजे ठरावीक वेळानं आपोआप नोंद ठेवणारं यंत्र, घेतात. इथे कंपन्यांची तुलना नाही. बाजारात मिळणारे लॉगर आतून बरेचसे सारखेच असतात. तोच लॉगर विहिरीत, खाचेच्या बांधावर (ओढ्यात आडवी बसवलेली, खाच कापलेली भिंत; खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह काढतात), बंधाऱ्याच्या तळ्यात आणि मोकळ्या ओढ्यात लावला तर कुठे कामाचा ठरतो आणि कुठे नाही, एवढंच पाहायचं आहे.

आधी निकाल सांगतो. विहिरीसाठी डोळे झाकून घ्या. तळ्यासाठी कमी पल्ल्याचा, म्हणजे कमी खोलीपर्यंत मोजणारा, घ्या. खाचेच्या बांधावर घ्या, पण शून्य बिंदू, म्हणजे खाचेच्या टोकाची पातळी, मिलिमीटरपर्यंत पक्का करण्याची तयारी असेल तरच. वाळूच्या मोकळ्या ओढ्यात घेऊ नका.

वस्तू दिसायला साधी आहे. बावीसेक मिमी जाडीची, वीतभर लांबीची स्टीलची नळी. तिच्या टोकाला दाब ओळखणारा पडदा आणि आत तापमानाचा सेन्सर, घड्याळ, मेमरी आणि लिथियम बॅटरी. तारेनं पाण्यात सोडायची आणि ठरावीक वेळानं ती दाब नोंदवत राहते. पातळी ती मोजतच नाही, इथेच पहिला घोटाळा होतो. पडद्यावर पाण्याचा दाब आणि त्यावरच्या हवेचा दाब असे दोन्ही येतात. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १०१.३ किलोपास्कल असतो, म्हणजे दहा मीटरहून थोडा जास्त उंचीच्या पाण्याएवढा. तो वजा केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. त्यासाठी दुसरा लॉगर हवेत टांगावा लागतो. त्याला बॅरो लॉगर म्हणतात. तो बहुधा वेगळा विकला जातो आणि पहिल्या खरेदीत हमखास राहून जातो.

दुसरा प्रकार हवानळीचा. यात तारेऐवजी केबल असते आणि केबलच्या आतून बारीक नळी वरपर्यंत येते, त्यामुळे हवेचा दाब आपोआप वजा होतो. कागदावर हा सरस दिसतो. प्रत्यक्षात विहिरीतली दमट हवा त्या नळीत शिरते, थेंब साचतो आणि नळी बुजते. मग यंत्र गुपचूप हवेच्या दाबासह मोजू लागतं, आणि आकडे दिसायला ठीक असल्यानं कुणाला शंकाही येत नाही. वरच्या टोकाच्या डबीतली ओलावा शोषणारी सिलिका जेल दमट ऋतूत वारंवार तपासायची आणि रंग बदलला की बदलायची शिस्त असेल तरच हा घ्यावा. केबल कुठे करकचून वळली तरी नळी बंद होते. दुर्गम विहिरींसाठी साधा लॉगर आणि बॅरो ही जोडी बरी.

पाच मिलिमीटरची किंमत

माहितीपत्रकात अचूकता पूर्ण पल्ल्याच्या टक्क्यांत देतात. ०.०५ टक्के म्हणजे १० मीटर पल्ल्याच्या यंत्रात ५ मिमी, २० मीटरच्या यंत्रात १ सेंमी आणि १०० मीटरच्या यंत्रात ५ सेंमी. बॅरोची चूक त्यात वेगळी मिळवायची. खरेदी करणारा या टक्क्यांवर अडून बसतो. पण तेच ५ मिमी कुठे कवडीमोल असतात आणि कुठे सगळा हिशेब उलटवतात, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

विहिरीपासून सुरू करू. पुनर्भरण, म्हणजे मुरून भूजलाला मिळालेलं पाणी, काढण्याची नेहमीची पद्धत अशी: पातळीत झालेली वाढ गुणिले स्पेसिफिक यील्ड. स्पेसिफिक यील्ड म्हणजे खडकाच्या आकारमानापैकी जेवढं पाणी गुरुत्वानं निथळून येतं तो वाटा. कठीण खडकाच्या झिजलेल्या, भेगाळ थरात तो साधारण १ ते ३ टक्के असतो, तर वाळूच्या गाळात १० ते २० टक्के. पातळी ३ मीटरनं चढली आणि यील्ड २ टक्के धरलं तर ६० मिमी पाणी मुरलं. लॉगर आणि बॅरो मिळून २ सेंमी चुकले तरी हिशेबात फरक पडतो ०.४ मिमीचा. यील्ड मात्र १ टक्का धरलं तर उत्तर ३० मिमी येतं आणि ३ टक्के धरलं तर ९० मिमी. म्हणजे अनिश्चितता यंत्रात नाही, खडकात आहे. विहिरीसाठी जास्त अचूक मॉडेलवर जादा खर्च करणं व्यर्थ आहे. तेवढ्यात आणखी दोन विहिरींत साधे लॉगर बसतात, आणि पाणलोटाला त्यांचाच जास्त उपयोग.

आता खाचेच्या बांधाकडे या. ९० अंशाच्या त्रिकोणी खाचेतून जाणारा प्रवाह साधारण १.३७ गुणिले उंचीचा अडीचावा घात, इतका असतो (उंची मीटरमध्ये, प्रवाह सेकंदाला घनमीटरमध्ये). खाचेच्या टोकावर पाणी १० सेंमी असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे ४.३ लिटर, २० सेंमी असेल तर साडेचोवीस आणि ३० सेंमी असेल तर साडेसदुसष्ट. अडीचाव्या घातामुळे उंचीतली टक्केवारीची चूक प्रवाहात अडीच पट होते. ३० सेंमीवर ५ मिमी चुकले तर प्रवाह ४ टक्के चुकतो, १० सेंमीवर साडेबारा टक्के आणि ५ सेंमीवर चक्क चौथा हिस्सा. पावसानंतर आठवडाभर ओढ्यात झिरपत राहणारं पाणी, ज्याला मूळ प्रवाह म्हणतात, ते नेमकं याच ५-१० सेंमीच्या पट्ट्यात असतं. विहिरीतला २० मीटर पल्ल्याचा लॉगर उचलून खाचेवर लावणाऱ्याचा मूळ प्रवाह त्यामुळे निव्वळ अंदाज असतो, मग आलेख कितीही गुळगुळीत दिसो.

विहिरीत बसवताना

लॉगर घेण्याआधी इलेक्ट्रिक टेप घ्या. मिलिमीटरच्या खुणा असलेली, पाण्याला टोक लागलं की वाजणारी. लॉगरच्या प्रत्येक आकड्याला खरंखोटं ठरवणारी तीच आहे, ती नसेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. टेप तुटून जोडलेली असेल तर जोडाखालच्या सगळ्या खुणा सरकलेल्या असतात. तशी टेप बाद करा.

सगळे लॉगर आणि बॅरो एकाच सावलीच्या खोलीत, एकाच टेबलावर २४ तास नोंदवत ठेवा. सगळ्यांचा दाब एकमेकांच्या १ सेंमी पाण्याच्या आत यायला हवा. कुणी एक सतत २-३ सेंमीनं वेगळा बोलत असेल तर तो फरक त्याच्या क्रमांकासमोर लिहून ठेवा. फरक दिवसाच्या तापमानाबरोबर हलत असेल तर यंत्र परत करा, कारण हलती चूक नंतर वजा करता येत नाही. ही तपासणी फुकट आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही.

घड्याळं एकाच संगणकावरून लावा आणि ‘आत्ता सुरू’ न करता पुढच्या पूर्ण तासाला सुरू होण्याची वेळ द्या. सगळ्यांच्या नोंदी ००, १५, ३०, ४५ या मिनिटांवर पडल्या तर बॅरो वजा करणं सरळ होतं. एक ००.०७ ला आणि दुसरा ००.०० ला नोंदवत असेल तर मधले आकडे बसवत बसावं लागतं.

टांगायला एक-दीड मिमीची स्टेनलेस तार वापरा. नायलॉनची दोरी भिजली की ताणते आणि पहिल्या काही आठवड्यांत पातळी हळूहळू ‘वाढताना’ दिसते, कारण सेन्सरच खाली गेलेला असतो. मोठ्या व्यासाच्या विहिरीत लॉगर मोकळा सोडू नका. पंपाच्या पाइपला अडकतो, बादलीच्या दोरात गुंततो. भोकं पाडलेला ५० मिमीचा पीव्हीसी पाइप विहिरीच्या कडेला क्लॅम्पनं बसवून त्याच्या आत सोडा. बोअरवेलमध्ये पंपाच्या पाइपशेजारी किमान ३२ मिमीची वेगळी निरीक्षण नळी उतरवा, नाहीतर पंप काढायची वेळ आली की लॉगरसह सगळं वर येतं किंवा सगळंच खाली जातं. वरच्या भेगांतून पाणी धारेनं पडणाऱ्या विहिरीत टेपही फसते, धार लागताच वाजते. नळी असली की तोही त्रास मिटतो.

काठावर रंगानं एक खूण करा. यापुढे प्रत्येक माप त्या खुणेपासून. लॉगर सोडल्यावर अर्धा तास थांबा, म्हणजे तार सरळ होते आणि नळीचं तापमान पाण्याइतकं होतं. मग नोंदीच्या नेमक्या मिनिटाला टेपनं माप घ्या. समजा लॉगर १५३.२ किलोपास्कल दाखवतो आणि बॅरो ९४.६. फरक ५८.६. कोमट पाण्याचा एक मीटर म्हणजे ९.७७ किलोपास्कल, तेव्हा सेन्सरवर ६.०० मीटर पाणी आहे. टेप सांगते, खुणेपासून पाणी ११.४२ मीटरवर. म्हणजे सेन्सर १७.४२ मीटरवर आहे. ही बेरीज वहीत ठळक लिहा. पुढच्या खेपेला टेप १२.०५ म्हणाली आणि लॉगर ५.३१, तर बेरीज १७.३६ येते. सहा सेंमीची तफावत. तार आखडली, सेन्सर वर अडकला, यंत्र सरकलं किंवा टेप चुकली, यापैकी काहीतरी झालंय. टेप दोनदा सोडा, मग तार पाहा, आणि शेवटी यंत्रावर संशय घ्या, या क्रमानं. लॉगर बाहेर काढायच्या आधी एकदा आणि परत सोडल्यावर एकदा, अशी दोन टेप मापं प्रत्येक खेपेला हवीत. एकच घेतलं तर तफावत त्या खेपेआधीची की नंतरची, ते कळत नाही.

खाऱ्या विहिरींत घनतेचा विचार करा. लिटरमागे ५ ग्रॅम क्षार असतील तर पाणी सुमारे ०.४ टक्के जड असतं, म्हणजे १० मीटरवर ४ सेंमीच्या आसपास. तापमानाचंही तसंच. २० अंशाच्या पाण्यापेक्षा ३० अंशाचं पाणी पाव टक्का हलकं, १० मीटरमागे अडीच सेंमी. सॉफ्टवेअरमध्ये घनता बहुधा १००० धरलेली असते, ती बदलता येते. वर पाहिलं तसं पुनर्भरणासाठी हे नगण्य आहे. दोन विहिरींमधल्या पातळीच्या उतारावरून भूजल कोणत्या दिशेला वाहतं हे काढायचं असेल तर मात्र नगण्य नाही.

नोंदीचं अंतर विहिरीला एक तास पुरे. ४०,००० नोंदींची मेमरी तासाला एक या हिशेबानं साडेचार वर्षं चालते, १५ मिनिटांनी ४१६ दिवस आणि ५ मिनिटांनी १३८ दिवस. दिवसाला एकच नोंद ठेवणारे बॅटरी वाचवतात, पण पंप चालू असतानाची पातळी आणि खरी पातळी यांचा गोंधळ करून घेतात. तासाच्या नोंदींत उपसा दातेरी करवतीसारखा स्वच्छ दिसतो. उपसा थांबून सर्वांत जास्त वेळ झालेला असतो तेव्हाचा, म्हणजे पुढचा पंप सुरू व्हायच्या लगेच आधीचा आकडा घ्या, रोज एक. हे ठिपके जोडले की पाणलोटाची खरी पातळी उभी राहते. कोणत्या सरीनंतर चढ आला आणि किती दिवसांनी, तेही त्यातच दिसतं. चढाआधीचा उतार सरळ पुढे वाढवून चढाची उंची त्या रेषेपासून मोजा. चढ चालू असताना थांबून न राहिलेला उपसा आणि निचरा त्यामुळे हिशेबात येतो.

बॅरो नावाची उपेक्षित वस्तू

हवेचा दाब उष्ण पट्ट्यात दिवसातून दोनदा चढतो नि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढ, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतार. हा हेलकावा २ ते ४ हेक्टोपास्कलचा असतो, आणि एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास एक सेंमी पाणी. वादळी हवेत फरक १०-२० सेंमीपर्यंत जातो. ज्या विहिरीच्या आलेखात रोज दोन गुळगुळीत लाटा दिसतात, तिथे एकतर बॅरो वजा केलेला नाही किंवा वेळेची गल्लत झाली आहे. तिसरी शक्यताही आहे. बंदिस्त जलधरात (पाणी धरणारा असा थर ज्याच्या वर अभेद्य थर असतो) हवेचा दाब वाढला की विहिरीतलं पाणी खरोखरच खाली दबतं. दाब ३ सेंमी पाण्याएवढा वाढला आणि पातळी दीड सेंमी उतरली तर तो यंत्राचा दोष नाही. उलट तो जलधर बंदिस्त असल्याचा पुरावा आहे.

एक बॅरो साधारण २०-३० किमीच्या परिसराला पुरतो. उंचीतला फरक चालतो. समुद्रसपाटीजवळ १०० मीटरमागे सुमारे १२ सेंमी पाण्याएवढा कायमचा फरक पडतो, पण टेपच्या मापाशी जुळवताना तो निघून जातो. जागा मात्र नीट निवडा. पत्र्याच्या पेटीत उन्हात टांगलेला बॅरो दुपारी तापतो, सेन्सर तापमानानं सरकतो, आणि ही चूक एका विहिरीत नाही तर जाळ्यातल्या सगळ्या विहिरींत एकाच वेळी शिरते. एखाद्या निरीक्षण विहिरीच्याच नळीत, काठाखाली मीटरभर टांगा. तिथे सावली आहे आणि तापमान स्थिर आहे. फक्त ती विहीर काठोकाठ भरणारी नको. पाच वर्षांत न भरलेली विहीर एका रात्रीत भरते आणि बॅरो बुडतो. मोठं जाळं असेल तर दोन बॅरो ठेवा. एक बंद पडला तर सगळ्या विहिरींचा तेवढा काळ वाया जातो.

खाच आणि तळं

खाचेवर ४-५ मीटर पल्ल्याचाच लॉगर लावा. सेन्सर खाचेपासून वरच्या बाजूला, अपेक्षित कमाल उंचीच्या तीन-चार पट अंतरावर बसवा. खाचेजवळ पाणी खाली वाकतं आणि उंची कमी दिसते. शून्य बिंदू डोळ्यांनी ठरवू नका. वरच्या बाजूला पाणी भरून ते खाचेच्या टोकाशी नेमकं टेकेल तेव्हाची नोंद घ्या, किंवा डम्पी लेव्हलनं (उंचीतला फरक पाहायची सर्वेक्षणाची दुर्बीण) खाच आणि पाण्यात उभी केलेली मोजपट्टी जुळवा. मोजपट्टी हवीच. पाणी पलीकडे मोकळं पडायला हवं. खालची पातळी खाचेच्या टोकावर चढली की वरचं सूत्र लागू होत नाही. निमशुष्क ओढ्याचा गाळ वरच्या बाजूला एका पुरातच साचतो. मग पाणी वेगानं खाचेवर येतं आणि सूत्रापेक्षा जास्त वाहतं. प्रत्येक मोठ्या पुरानंतर फावडं घेऊन जाणं हा या यंत्राच्या वापराचाच भाग आहे.

बंधाऱ्यामागच्या तळ्यात लॉगर फार गोड काम करतो. इथे पातळी नाही, पातळीतला फरक हवा असतो, आणि फरक काढताना कायमची चूक वजा होऊन जाते. पाऊस, आवक आणि उपसा नसलेले आठ-दहा दिवस निवडा. पातळी रोज १८ मिमी उतरतेय असं धरा. शेजारच्या क्लास ए पॅनमध्ये (बाष्पीभवन मोजायचं प्रमाणित पसरट भांडं, १२०.७ सेंमी व्यास, २५ सेंमी खोली) रोज १० मिमी बाष्पीभवन होत असेल तर तळ्याचं सुमारे ७, कारण पॅनचा गुणांक ०.७ च्या आसपास धरतात. उरलेले ११ मिमी पाझरले. पाण्याचा पसारा २,००० चौरस मीटर असेल तर रोज २२,००० लिटर जमिनीत गेले. दरवर्षी हाच हिशेब त्याच पातळीला करून पाहा. पाझर ११ वरून ५ वर आला तर तळाला बारीक मातीचा थर बसलाय आणि गाळ काढायला हवा. गाळ काढल्यावर पातळी-क्षेत्रफळाचा तक्ता (कोणत्या पातळीला पाण्याचा पसारा किती) नव्यानं करा, जुना निरुपयोगी झालेला असतो.

वाळूचा ओढा

इथे यंत्राला शून्य गुण द्यावेसे वाटतात, पण दोष यंत्राचा कमी आणि जागेचा जास्त. वाळूचा तळ प्रत्येक पुरात वरखाली होतो. पातळीवरून प्रवाह काढायला पातळी-प्रवाह वक्र (कोणत्या पातळीला किती प्रवाह ते दाखवणारी रेषा) लागतो आणि त्या वक्राचं शून्य म्हणजे तळ. तळच ३० सेंमीनं खरवडला गेला तर मिलिमीटर मोजणाऱ्या यंत्राचा काय उपयोग? अमेरिकेत ॲरिझोनातल्या वॉलनट गल्च या सुमारे १५० चौरस किमीच्या प्रायोगिक पाणलोटात १९५० च्या दशकापासून असेच कोरडे ओढे मोजले जातात. तिथे नेहमीचे मापन-फ्लूम (प्रवाह मोजायच्या ठरावीक आकाराच्या पक्क्या नाल्या) गाळानं भरू लागले, म्हणून पाणी वेगानं नेऊन गाळ पुढे ढकलणारे खास फ्लूम बांधावे लागले. ज्याला असं पक्कं बांधकाम परवडत नाही त्यानं निदान पुलाचा चौकोनी बॉक्स, फरशीचा रपटा (ओढ्यातून जाणारा सखल पक्का रस्ता) किंवा उघडा खडक शोधावा.

बाकीचे त्रासही याच जागेचे. पूर काही मिनिटांत चढतो आणि १५ मिनिटांच्या नोंदीत शेंडा सापडतोच असं नाही. इथे १-२ मिनिटांचं अंतर हवं. पुराच्या पाण्यात लिटरमागे ५० ग्रॅम गाळ असला तर ते साध्या पाण्यापेक्षा ३ टक्के जड असतं, आणि दोन मीटर खोलीवर लॉगर ६ सेंमी जास्त दाखवतो. पाणी सेकंदाला २ मीटर वेगानं वाहत असेल तर वेगाचा दाब २० सेंमी पाण्याएवढा असतो. त्यातला किती भाग नळीत शिरतो ते भोकं प्रवाहाकडे आहेत की पाठीला यावर ठरतं, तेव्हा भोकं बाजूला ठेवा. पूर ओसरल्यावर सेन्सर वाळूखाली गाडला जातो किंवा उघडा पडून उन्हात तापतो आणि कोरड्या ओढ्यात रोज दुपारी काही सेंमीचा पूर दाखवतो. पडद्यावर माती सुकून कडक होते, ती टोकदार वस्तूनं कधीही खरवडू नका. पाण्यात भिजवून, हलक्या धारेनं धुवा.

हा खोटा पूर ओळखायची एक सोपी खूण मात्र याच यंत्रात आहे: तापमान. लॉगर हवेत असतो तेव्हा दिवस-रात्रीचा फरक मोठा असतो, पाण्यात गेला की तो एकदम आवळतो. दाब आणि तापमान शेजारी ठेवून वाचले की ओढा नक्की कधी वाहिला आणि कधी कोरडा पडला हे तासागणिक सांगता येतं. प्रवाह मोजायचा नसून फक्त ‘वाहिला की नाही’ एवढंच हवं असेल तर जुना, सरकलेला लॉगरही पुरतो.

पर्याय दोन. पुलाखाली पाण्याला न टेकता वरून अंतर मोजणारा रडार सेन्सर लावला तर गाळ, घनता, ऊन यांचा त्रास राहत नाही. फक्त वीज लागते आणि चोरीची भीती असते. तेच आवाजाच्या लहरींनी मोजणारा अल्ट्रासॉनिक स्वस्त पडतो, पण आवाजाचा वेग अंशामागे ०.१७-०.१८ टक्के बदलतो. उन्हात तापलेल्या खोक्यानं हवेचं तापमान १० अंश चुकवलं तर ५ मीटर अंतरावर जवळपास ९ सेंमीची चूक. दुसरा पर्याय बॅटरीशिवायचा: ५० मिमीची उभी नळी, आत लाकडी दांडा, तळाशी बुचाचा भुसा. पाणी चढलं की भुसा तरंगतो आणि शेंड्याच्या उंचीला दांड्याला चिकटून राहतो. पूर गेल्यावर मोजायचं, पुसायचं, परत घालायचं. लॉगर असो वा रडार, शेजारी हा हवाच.

पर्जन्यमापक लॉगरबरोबर घेणार असाल तर टिपिंग बकेट (ठरावीक पाणी भरलं की उलटणारी लहान बादली; एकदा उलटली की एक टीप) तपासून घ्या. २० सेंमी व्यासाच्या तोंडाला ०.२ मिमीची एक टीप म्हणजे ६.२८ मिलिलिटर. ६२८ मिलिलिटर पाणी तासभर थेंबथेंब सोडा, १०० टिपा पडायला हव्यात. मग तेच पाणी दहा मिनिटांत सोडा. टिपा कमी पडतील, कारण बादली उलटताना वरून पडणारं पाणी मोजलं जात नाही. निमशुष्क भागातला पाऊस याच दुसऱ्या प्रकारचा असतो.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याला विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत. पल्ला किलोपास्कलमध्ये दिला असेल तर त्यात हवेचा दाब धरलाय का? ० ते २०० किलोपास्कल म्हणजे समुद्रसपाटीवर २० नव्हे, सुमारे १० मीटर पाणी. कोरड्या आणि ओल्या हंगामातला विहिरीचा फरक १२ मीटर असेल तर हे यंत्र पुरणार नाही. बॅटरी बदलता येते का, की संपली की यंत्रच टाकायचं? तापमानाची भरपाई कोणत्या कक्षेपर्यंत तपासली आहे? कच्चा दाब, बॅरो वजा न करता, साध्या सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता येतो का? फक्त वजा केलेलीच फाइल मिळत असेल तर बॅरोची चूक नंतर सापडली तरी दुरुस्त करता येत नाही. सॉफ्टवेअर पाच वर्षांनंतरच्या संगणकावर चालेल का, याला उत्तर मिळणार नाही, पण विचारा. आणि प्रत्येक यंत्राचं स्वतःच्या क्रमांकाचं कॅलिब्रेशन पत्र मागा. सगळ्या यंत्रांना एकच छापील कागद देत असतील तर टेबलावरची २४ तासांची तपासणी बिल चुकतं करायच्या आधीच उरकून घ्या.